ख्यालगायक व्हायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सतत येतात. विचारणारे कधी पालक असतात, कधी विशारद होऊन पुढे काय करायचं ते न उमगलेली मुलंमुली, कधी नोकरी सांभाळून शिकणारी मंडळी, तर कधी परदेशातली मराठी घरं. उत्तरं हिंदुस्थानी ख्यालगायनापुरती आहेत. मैफल, बिदागी (मानधन) आणि आकाशवाणीची श्रेणी यांच्याबद्दल विचारणा जास्त होते, तरी आम्ही तालीम आणि तंबोरा यांना जास्त जागा दिली आहे. बाकीचं सगळं त्यांच्यावरच उभं राहतं.

१. एकट्यानं तासभर मैफल करता यावी इतकं गाणं यायला किती वर्षं लागतात?

चांगली तालीम आणि रोजचा रियाज असेल तर दहा ते पंधरा. मंचावर याआधीही बसता येतं, पण तेव्हा गळ्यातून गुरूचीच वाक्यं येत असतात. राग डोळ्यांसमोर ठेवून स्वतःची बढत, म्हणजे सुरासुरानं केलेला विस्तार, सुचू लागायला वेळ जातो. भीमसेन जोशी १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गाणं शोधत घराबाहेर पडले. काही वर्षं हिंडून ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले आणि पहिली जाहीर मैफल एकोणिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये गायले. एवढ्या वर्षांत हे साधलं, कारण गुरूच्या घरी राहून दिवसभर गाणं कानावर पडत होतं. केसरबाई केरकर १९२१ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि आधी अनेक बुवा-उस्तादांकडे शिकून झालं होतं. तरीही खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत त्यांचं शिकणं चालूच होतं.

२. मुलगा सहा वर्षांचा आहे. आत्ता क्लासला घालू का?

घाला, पण वीस मिनिटांच्या वर बसवू नका. या वयात एकच गोष्ट साधायची: तंबोरा चालू असताना ‘सा’ लावायचा आणि तो जुळला की नाही हे त्याला स्वतःला कळायला हवं. त्यासोबत चार-सहा अलंकार (सुरांचे ठरलेले पाठ) आणि दोन-तीन सोप्या छोट्या बंदिशी (रागात बांधलेली गाणी) पुरेत. स्पर्धेसाठी तानांची पाठांतरं करून घेणं हा सर्वांत जास्त दिसणारा अपाय. मुलं गळा आवळून ती तान पोचवतात आणि पुढे ती सवय मोडायला वर्षं जातात.

३. मुलाचा आवाज फुटतोय. गाणं बंद करायचं का?

बंद करू नका, कमी करा. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचे स्वरतंतू झपाट्यानं लांब आणि जाड होतात, त्यामुळे कालचा सूर आज लागत नाही. या काळात जुनी पट्टी, म्हणजे ‘सा’ ज्या उंचीवर धरतो ती, धरून ठेवू नका. रोज पंधरा-वीस मिनिटं, जेवढे सूर सहज लागतात तेवढेच, हलक्या आवाजात गाऊ द्या. तार सप्तक सोडून द्या. उरलेला वेळ तबल्यावर ठेका धरायला, बंदिशी पाठ करायला आणि भरपूर ऐकायला द्या. आवाज स्थिरावल्यावर पट्टी नव्यानं ठरवा (प्रश्न ७). मुलींचा आवाजही बदलतो, पण इतका ठळक नाही. वर्षभर थोडा हवायुक्त लागला तरी घाबरू नये.

४. पस्तिशीत सुरुवात केली तर करिअर होईल का?

पूर्णवेळ मैफलीचं अवघड आहे, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. पण पाच-सात वर्षांत दोन-चार राग मनापासून, सुरात, अर्धा-पाऊण तास मांडता येतात. लहान मुलांना पाया शिकवण्याइतकी तयारीही होऊ शकते. रियाजाची वेळ ठरलेली असावी: सकाळी पाऊण तास आणि रात्री पाऊण तास. एका रागाला किमान सहा महिने द्या. मोठ्या वयात येणारे लोक बहुतेकदा रागांची संख्या वाढवण्याच्या मागे लागतात आणि तिथेच अडकतात.

५. गुरू कसा निवडावा? क्लास आणि तालीम यांत फरक काय?

क्लासमध्ये पाऊण तासात आठ-दहा जण असतात, वहीत स्वरलेखन उतरतं आणि अभ्यासक्रम पुढे सरकतो. तालमीत गुरू समोर बसून गातात, तुम्ही मागून म्हणता, आणि एक जागा गळ्यात बसेपर्यंत पुढची मिळत नाही. एकाच रागावर महिनेच्या महिने जातात. सुरुवात क्लासनं झाली तर काही बिघडत नाही, पण गायक व्हायचं असेल तर चार-पाच वर्षांत तालमीकडे वळावं लागतं.

निवडताना गुरूंची मैफल ऐकाच, पण त्याहून त्यांचे शिष्य ऐका. तीन शिष्यांचे आवाज तीन वेगवेगळे आणि मोकळे लागत असतील तर चांगली खूण. तिघंही गुरूंच्या खर्जाची किंवा खोकल्याची नक्कल करत असतील तर सावध व्हा. शिकवताना गुरू स्वतः गातात का, की पेटीवर सूर दाबून ‘म्हण’ म्हणतात, हे पाहा. पहिल्या महिन्याभरात शिकून आल्यावर घसा दुखत असेल तर स्पष्ट विचारा.

घराण्यांबद्दल थोडं. किराण्यात एकेका सुराची बढत, ग्वाल्हेरात बंदिशीचं सरळ, अष्टांगी रूप, आग्र्यात नोम्-तोम् आणि बोलांची लयकारी, जयपूर-अत्रौलीत जोडराग आणि ‘आ’कारातली गुंतलेली, अखंड फिरत. हे ढोबळ झालं, पण आपल्या गळ्याला आणि स्वभावाला काय जवळचं आहे ते पाहायला पुरतं. घराणं आधी ठरवून गुरू शोधण्यापेक्षा गुरू मिळाला की त्याच्याबरोबर घराणं येतं, हा क्रम बरा.

६. रोजचा रियाज नेमका कसा करायचा?

मैफलीची वाट धरलेल्यांनी दोन बैठकांत मिळून दोन-तीन तास धरावेत. सकाळी, पोट हलकं असताना, अर्धा तास खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. मध्य षड्जापासून एकेक सूर खाली उतरायचं आणि प्रत्येक सुरावर एक पूर्ण श्वास थांबायचं, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत. जमेल तसं त्याखाली. आवाज ढकलायचा नाही. सूर घोगरा व्हायला लागला की एक सूर वर यायचं. मग अर्धा तास पलटे (सुरांच्या उलटसुलट रचना) ‘आ’कारात: विलंबित, दुप्पट, चौपट. चौपटीत एक जरी सूर निसटला तरी परत दुपटीत यायचं. संध्याकाळी सव्वा-दीड तास एकच राग, त्यातला निम्मा वेळ ठेक्यासोबत.

राग घोटणं म्हणजे काय, ते यमनातल्या ‘नि रे ग’ या एवढ्याशा तुकड्यात दिसतं. शिकाऊ गळा तीन बटणं दाबल्यासारखे तीन सूर म्हणतो. मंद्र निषाद षड्जाकडे ओढ घेणारा लागायला हवा, पण षड्जाला शिवायचं नाही. रिषभावर रेंगाळायचं नाही. मग गंधारावर यायचं आणि थांबायचं. नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या (सर्वांत खालच्या ‘सा’च्या) तारेतून शुद्ध गंधार स्वतःहून ऐकू येतो, कारण तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे तिच्यातूनच उमटणारा वरचा सूर, असतो. तुमचा गंधार त्यात मिसळला की आवाज एकदम मोठा आणि शांत वाटतो, जणू खोलीच गायला लागते. नेहमीच्या पेटीचा गंधार याहून किंचित चढा असतो: अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग. म्हणून पेटीवर रियाज करणाऱ्यांचा गंधार तंबोऱ्याबरोबर सतत टोचत राहतो, आणि त्यांना कारण कळत नाही.

आणखी काय बिघडतं? हनुवटी वर जाते, जबडा आवळतो, तार सप्तकात खांदे उचलले जातात. आठवड्यातून एकदा आरशासमोर गा. रोज दहा मिनिटं ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका, कारण कानात अजून तुमच्या मनातलंच गाणं असतं.

७. माझी पट्टी कोणती, हे कसं ठरवू?

दोन कसोट्या. मंद्र पंचम ऐकू येईल असा, न घरघरता लागावा, आणि तार सप्तकातला मध्यम न किंचाळता गाता यावा. शक्य तर पंचमही. दोन्ही जमतात ती तुमची पट्टी. पुरुषांची बहुधा पेटीवरच्या पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांच्या दरम्यान येते, बायकांची पांढरी पाच ते काळी पाच. आवडत्या गायकाची पट्टी उसनी घेणं ही नेहमीची चूक. दोन अडीच सूर वर चढवून गाणारा मुलगा पहिली वीस मिनिटं छान वाटतो आणि द्रुतात (जलद भागात) त्याचा गळा बसतो. सर्दीत किंवा पहाटे अर्धा सूर खाली उतरलात तर त्यात कमीपणा नाही. वयानुसारही पट्टी उतरते.

८. तंबोरा लावायला शिकलंच पाहिजे का? ॲप आहे ना.

शिकलंच पाहिजे. रोजच्या सोयीला ॲप ठीक, पण त्याची एक मर्यादा ओळखा. पुरुषाचा काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो खर्ज जवळजवळ बाहेरच येत नाही. तुम्ही गाता ते त्याच्या वरच्या झिलईसोबत. ॲप मोठ्या स्पीकरला जोडा, आणि आवाज इतकाच ठेवा की तुमचं गाणं थांबलं की तो जाणवेल.

तंबोऱ्याचे भाग आधी ओळखीचे करा. खाली भोपळा, त्याच्या तोंडावर लाकडी तबली, तबलीवर घोडी, वर दांडी आणि चार खुंट्या. तबलीवर तारांत ओवलेले मणी, आणि घोडीवर तारेखाली सरकवलेलं सूत. जोडाच्या (मधल्या, एकाच सुराच्या) दोन तारा पोलादी, खर्जाची पितळी. पहिली तार पट्टीप्रमाणे पोलादी किंवा पितळी. पहिली तार मधल्या बोटानं छेडायची आणि उरलेल्या तिन्ही तर्जनीनं, सावकाश, एका लयीत. बोटानं तार ओढायची नाही. बोट तिच्यावरून सरकू द्यायचं.

लावण्याचा क्रम असा. चारही सुतं घोडीवरून मागे घ्या, म्हणजे तार कोरडी वाजेल आणि सूर स्पष्ट कळेल. मधला जोड आधी मध्य षड्जात, खुंटीनं जवळ आणून मग मण्यानं बारीक. मणी भोपळ्याच्या टोकाकडे सरकवला की सूर चढतो. दोन्ही तारा एकत्र छेडल्यावर आवाजात लाट येत असेल तर अजून फरक आहे. लाट मंदावत जाऊन थांबली की जोड जुळला. मग खर्ज, आणि शेवटी पहिली तार पंचमात. आता एकेक सूत तारेखाली केसभर पुढेमागे सरकवा. एका जागी तार अचानक फुलते आणि तिच्यातून सुरांचा झोत निघतो, तीच जवारी. सूत त्या जागेच्या पुढे गेलं तर तार चिरकते, मागे राहिलं तर बद्द वाजते.

पहिली तार रागाप्रमाणे बदलते. मालकंसात पंचम वर्ज्य म्हणून ती मध्यमात, मारवा आणि पूरियात निषादात. ललितातही मध्यम. मारव्याला पंचमाचा तंबोरा घेऊन बसणं हा शिकाऊ मैफलीत हमखास होणारा घोटाळा आहे.

९. तंबोरा कुठून घ्यावा आणि सांभाळावा कसा?

महाराष्ट्रात मिरज. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे असतात. घ्यायला जाताना आपली पट्टी सांगा, कारण पुरुषांच्या आणि बायकांच्या तंबोऱ्याची लांबी आणि तारांची जाडी वेगळी असते. काळी पाचचा तंबोरा काळी एकला उतरवून चालत नाही, तारा सैल पडून जवारी जाते. दुकानात अर्धा तास वाजवून पाहा. खुंट्या घसरतात का, दांडी सरळ आहे का, भोपळ्याच्या सांध्याला भेग आहे का, बघा.

घरी तो आडवा ठेवायचा असेल तर भोपळ्याखाली चुंबळ ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात. जोर लावू नका, कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा. उन्हाळ्यात त्या सुटतात, तेव्हा खुंटीला थोडा खडू लावा. बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या तंबोऱ्याची तबली सांध्यात सुटते, हे नुकसान मोठं. रोज वाजणाऱ्या घोडीवर वर्षा-दोन वर्षांत तारांच्या खाचा पडतात आणि सूत कितीही हलवलं तरी जवारी लागत नाही. ती कारागिराकडूनच काढून घ्या. घरी पॉलिश पेपर मारून पाहू नका, घोडीचा उतार केसभर चुकला तरी वाद्य मुकं होतं. विमानानं नेताना तारा दोन-तीन सूर सैल करा आणि कडक पेटीतच पाठवा.

१०. आम्ही परदेशात आहोत. ऑनलाइन तालीम होते का?

होते, पण दोघांना एकाच वेळी गाता येत नाही, कारण आवाज पोचायला वेळ लागतो. गुरूंनी गायचं, थांबायचं, मग शिष्यानं. तंबोरा शिष्याच्या बाजूला चालू ठेवा. कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आवाज पाठवण्याची सोय चालू करा आणि गोंगाट गाळण्याची बंद करा, नाहीतर तंबोरा हाच गोंगाट समजून गाळला जातो आणि लांब ठेवलेला सूरही मधेच तुटतो. गुरूंचा आवाज कानात हेडफोननं घ्या. वर्षातून एकदा तरी दोन-तीन आठवडे समोर बसून शिकायला या. श्वास कुठून घेतला जातोय आणि गळा कुठे आवळतोय, ते पडद्यावर नीट दिसत नाही.

११. परीक्षा द्याव्यात का? विशारद झालं की गायक होतो का?

होत नाही, पण परीक्षा वाया जात नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रात सर्वांत रुळलेल्या आहेत: प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, विशारदच्या दोन, अलंकारच्या दोन. शाळेतली शिक्षकाची नोकरी, स्वतःचा क्लास, परदेशात शिकवण्यासाठी काहीतरी कागद, यांसाठी त्यांचा उपयोग होतो. शास्त्र आणि ताल समजतो. तोटा एकच: वर्षात डझनभर राग उरकायचे म्हणून प्रत्येकाची आलाप-ताना पाठ होते आणि राग कुठलाच हाती लागत नाही. परीक्षेच्या यादीतले दोन राग निवडून ते तालमीच्या पद्धतीनं करा, बाकीचे परीक्षेपुरते.

१२. संगीतात पदवी किंवा शिष्यवृत्ती?

पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुंबई आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांतही संगीत विभाग आहेत, खैरागढला संगीताचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी पदवीसाठी नाही. तिथे गुरूंजवळ राहून तालीम मिळते आणि निवड गाण्यावर होते. प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवी आणि नेट ही पात्रता परीक्षा लागेल. केंद्र सरकारच्या दोन शिष्यवृत्त्या लक्षात ठेवा: सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्राची १० ते १४ वयाच्या मुलांसाठी, आणि संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयासाठी, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. दुसरीला आधी किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. जाहिरात येईल त्या वर्षीच्या अटी वाचूनच अर्ज करा.

१३. आकाशवाणीची श्रेणी अजून महत्त्वाची आहे का?

आहे. गाण्याची चाचणी घेऊन बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी दिल्या जातात. पैसा फार नाही, पण सरकारी महोत्सवांच्या आणि अनेक संस्थांच्या निवडीत श्रेणी विचारली जाते. अर्जासोबत रागांची यादी द्यावी लागते आणि परीक्षक त्यातला कुठलाही सांगू शकतात. म्हणून यादीत तेच राग लिहा जे झोपेतून उठवलं तरी दहा मिनिटं गाता येतील. चाचणीत वेळ थोडा असतो. बहुतेक जण आलापातच तो संपवतात आणि बंदिश घाईत गातात. मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) लवकर मांडा, सम (तालाची पहिली मात्रा) ठसठशीत घ्या, दोन-तीन स्वच्छ आवर्तनांची बढत, मग द्रुत. घड्याळ लावून सराव करा.

१४. पहिली मैफल कशी मिळते? पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात गायला काय करावं लागतं?

पहिली मैफल गुरुपौर्णिमेच्या बैठकीत, दुसरी गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसून त्यांनी सोडलेली जागा भरताना. मागे बसून साथ करणं हीच मोठी शाळा आहे. त्यानंतर गावोगावची संगीत मंडळं, कोल्हापूरचा देवल क्लब, गोव्यातले समारोह, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी हजेरी. या लहान ठिकाणी जाणकार समोर चार हातांवर बसलेले असतात आणि मान हलली की नाही ते तिथेच दिसतं.

सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. तिथलं निमंत्रण वर्षानुवर्षांच्या गाण्यातून येतं, अर्जाच्या मागे लागून नाही. आयोजकांना पाठवायला एका रागाचं, तबल्यासकट, न कापलेलं दहा-बारा मिनिटांचं ध्वनिचित्रमुद्रण ठेवा. पाच रागांचे तुकडे जोडलेला व्हिडिओ पाहून तुम्हाला राग मांडता येतो का, ते कुणालाच कळत नाही.

१५. मैफलीत वेळेची वाटणी कशी करू?

नव्वद मिनिटांची असेल तर पहिल्या रागाला पन्नास-पंचावन्न: त्यात बडा (विलंबित लयीतला) ख्याल चाळीसपर्यंत, उरलेलं द्रुत. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं. म्हणजे चाळीस मिनिटांत पन्नासच आवर्तनं. हा हिशेब मनात असला की बढत कुठवर न्यायची ते कळतं. दुसरा राग मध्यलयीत वीस मिनिटं, आणि शेवटी नाट्यपद, अभंग किंवा भैरवी. वीस मिनिटंच दिली असतील तर बडा ख्याल नको. मध्यलय झपतालातली किंवा रूपकातली बंदिश आणि द्रुत, एकच राग. आयोजकांनी वेळ ऐन वेळी कापली तर शेवटचं पद सोडा, रागाची बढत घाईत उरकू नका. रागाची वेळही पाळा. दुपारी चारच्या कार्यक्रमात यमन गाऊ नका, त्या वेळेला भीमपलास किंवा मुलतानी आहेत.

१६. साथ आणि माइक यांत काय काय बिघडतं?

तबला तुमच्या पट्टीचा आहे का, ते आदल्या दिवशी विचारा. बायकांच्या उंच पट्टीला लहान तोंडाचा तबला लागतो. तंबोरे दोन असावेत आणि मंचावरच लावावेत. मागच्या खोलीत लावलेला तंबोरा मंचावरच्या एसीत पाच मिनिटांत उतरतो. समोरच्या मॉनिटरमध्ये तंबोरा मागा, स्वतःचा आवाज जेमतेम ठेवा. आवाज फार मोठा ऐकू आला की माणूस नकळत दाबून गातो आणि सूर उतरतो. माइक एक वीतभर दूर. कृत्रिम घुमारा बंद करायला सांगा. पेटीवाल्याला रागाचं चलन (सुरांची ठरलेली वाटचाल) आणि बंदिशीचा मुखडा आधी म्हणून दाखवा.

१७. यावर घर चालतं का?

चालतं, पण फक्त मैफलींवर मोजक्यांचंच. बहुतेक गायकांचं घर शिकवण्यावर उभं असतं. त्यात मैफली, कार्यशाळा, परदेशी दौरे, आकाशवाणी यांची भर पडते. तिशीपर्यंत दुसरा आधार ठेवा आणि त्याची लाज बाळगू नका.

बिदागी लेखी ठरवा: तुमची रक्कम, साथीदारांची वेगळी, प्रवास, मुक्काम, आणि ध्वनिमुद्रण होणार असेल तर ते कुठे वापरणार. साथीदारांचे पैसे तुमच्या बिदागीतून द्यायचे ठरलं असेल तर ते त्याच रात्री द्या. आयोजक बहुधा दहा टक्के कर कापून पैसे देतात. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते तपासा. विवरणपत्र भरलं नाही तर परतावा मिळत नाही. शास्त्रीय संगीताच्या एका कार्यक्रमाची बिदागी दीड लाखांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, ब्रँडच्या प्रचारासाठी केलेलं काम मात्र त्यात धरत नाहीत.

१८. आवाज बसलाय. ज्येष्ठमध घेऊन मैफल करू का?

सर्दीनं बसला असेल तर विश्रांती, वाफ, भरपूर पाणी आणि न बोलणं. कुजबुजूही नका, त्यात स्वरतंतूंवर जास्त ताण येतो. मैफल सोडवत नसेल तर पट्टी एक सूर खाली, तार सप्तक वर्ज्य, वेळ निम्मा. दोन-तीन आठवड्यांनीही घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या. गाठी असतील तर ज्येष्ठमध आणि खर्ज यांनी त्या जात नाहीत. अशा वेळी जोर लावून खर्ज केल्यानं त्या वाढतात. सकाळी घसा कोरडा आणि जड, दुपारी बरा, असं रोज होत असेल तर आम्लपित्त असू शकतं. मैफलीनंतर रात्री बाराला जेवून लगेच झोपणं हे गायकांमधलं त्याचं नेहमीचं कारण.

मोठा खंड पडला म्हणजे सगळं संपलं असं नाही. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात देवासला सुमारे पाच वर्षं गाण्यापासून दूर होते आणि परतले ते नवं गाणं घेऊन. परतताना रियाज दहा मिनिटांपासून वाढवत न्या.

१९. माझ्याच गाण्यावर यूट्यूबनं कॉपीराइटचा दावा दाखवलाय. असं कसं?

पारंपरिक बंदिश कुणाच्या तरी जुन्या ध्वनिमुद्रणाशी यंत्रानं जुळवलेली असते. दावा उघडून कुठल्या मिनिटावर आणि कशासाठी आहे ते पाहा, आणि ‘गायन माझं, बंदिश पारंपरिक’ असं लिहून हरकत नोंदवा. पण बंदिश खरंच पारंपरिक आहे ना, हे आधी तपासा. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे १९९२ मध्ये गेलेल्या कुमार गंधर्वांच्या बंदिशी पारंपरिक म्हणता येत नाहीत. गायकाचाही आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षं हक्क असतो. प्रश्न १७ मधला ध्वनिमुद्रणाचा मुद्दा लेखी हवा तो यासाठी.

२०. गुरू बदलले तर चालतं का? गुरूंनी शिष्य म्हणून गंडा (धागा) बांधलाय.

चालतं. मल्लिकार्जुन मन्सूर नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकी शिकले आणि मग मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूरची. पण बदलायचं कारण नीट पाहा. ‘एकच राग वर्षभर चाललाय’ हे कारण नाही, ती तालीम आहे. गुरू गावात नाहीत, वेळ देऊ शकत नाहीत, गळ्याला त्यांची पद्धत मानवत नाही किंवा वागणूक अपमानाची आहे, ही खरी कारणं. वागणूक असह्य असेल तर निरोप घेण्याचं बंधन मानू नका, निघा. एरवी गंडा असो वा नसो, नव्या गुरूंकडे बसण्याआधी पहिल्या गुरूंना भेटून सांगा. फोनवर नको, आणि ती बातमी त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळू देऊ नका. नव्या गुरूंनाही आधी कुठे आणि किती शिकलात ते खरं सांगा. दोन्ही गायकी एकाच वेळी चालवायचा प्रयत्न केला तर आवाज लावण्यातच गोंधळ होतो. पहिलं वर्षभर जुन्या बंदिशी बाजूला ठेवा.